लिंबाखालचा तळहात

"थांबव! हितंच थांबव," वस्ताद ओरडले आणि खुर्चीतून अर्धे उठले.

मी बटण दाबलं. टीव्हीच्या पडद्यावर धैर्यशील डोक्यावर लाठी धरून एका पायावर जागच्या जागी थिजला. त्याचं उजवं कोपर बाहेर आलं होतं आणि बगल इतकी उघडी होती, की समोरच्यानं जाऊन चहा पिऊन परत येऊन मारलं असतं तरी चाललं असतं.

"हे कुणाचं कोपर हाय रे?"

धैर्यशील मान खाली घालून उभा.

"वरीसभर सांगतोय, कोपर झाक, कोपर झाक. तर ह्यो म्हणतोय, झाकलंय की वस्ताद. आता बोल की! का डब्यातला धैर्यशील दुसराच हाय कोण?"

पोरं खिदळली. धैर्यशील पुढे आला, वाकला, तालमीच्या लाल मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "पुन्यांदा."

ही आमच्या तालमीची रीत. कुणी चूक दाखवली की सबब सांगायची नाही, रुसायचं नाही. दाखवणारा वयानं लहान असला तरीही. मातीला हात, कपाळाला हात, 'पुन्यांदा' म्हणायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. माझ्या लहानपणी मी दिवसातून इतक्या वेळा ते केलंय, की घरी गेल्यावर आई आधी माझं कपाळ पुसायची आणि मग जेवायला वाढायची.

व्हिडिओची कल्पना माझी. माझ्या भावाचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता आणि मी त्याच्या दुकानात जोडकाम, म्हणजे एडिटिंग, करायची. दिवसभर नवऱ्यामुलींच्या डोळ्यांतलं पाणी हळू करून दाखवायचं, अक्षता हळूहळू खाली आणायच्या. असंच एकदा एका वरातीतल्या नाचाचा तुकडा हळू करून बघताना मनात आलं, हे आपल्या लाठीचं केलं तर? डोळ्याला जे दिसत नाही ते दिसेल. मी वस्तादांना विचारलं, तर ते माझ्या अंगावरच आले.

"मर्दानी खेळ म्हंजे काय लगीन हाय व्हय, शूटिंग काढायला?"

पण एकदा बघितल्यावर माणूस पार बदलला. गणपती उठल्यापासून रोज संध्याकाळी सराव संपला की मी तालमीतल्या जुन्या टीव्हीला वायर जोडायची आणि वस्ताद पुढे खुर्ची टाकून बसायचे. पोरांना चुका दाखवण्यात त्यांना असा काही आनंद व्हायचा, की बघत राहावं. "उजा, मागं घे. आणि मागं. हां, आता सोड." माझं नाव उज्ज्वला, ते पूर्ण घ्यायला वस्तादांना कधी सवड झाली नाही.

वस्ताद म्हणजे हिंदुराव रेडेकर. नोकरी केली अग्निशमन दलात, जीव लावला दांडपट्ट्यावर. कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा आणि त्याच्यापुढे माणसाच्या उंचीला लागेल असं लवलवतं दुधारी पातं. ते फिरायला लागलं की वस्तादांच्या भोवती हवेचा आवाज यायचा आणि आम्ही आपोआप दोन पावलं मागे सरायचो. त्या वर्षी फाल्गुनात त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या. वस्तादांनी कुणापुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बाराव्यानंतर तालमीत आले, तर खोबळ्याच्या तोंडाशी बांधलेलं जुनं लाल फडकं सोडून त्यांनी काकींच्या हिरव्या लुगड्याची पट्टी बांधली होती. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय?

दर खंडेनवमीला शस्त्रपूजन झालं की वस्ताद लिंबू काढायचे, आणि त्याचा सराव तालमीत रोज चालायचा. शिष्यानं हात लांब करून तळहातावर लिंबू धरायचं. वस्ताद पट्टा फिरवत फिरवत जवळ येणार आणि एका वारात लिंबाच्या दोन फोडी करणार. तळहाताला ओरखडासुद्धा नाही. लिंबू धरणाऱ्याला नियम एकच. हात हलता कामा नये. हात हलला आणि लागलं, तर दोष शिष्याचा. कित्येक वर्षं तो तळहात माझा होता. पेठेत मला बायका 'लिंबाची उजा' म्हणायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आणि पट्टा पुढच्या हातात द्यायचा, तर त्याचीही रीत याच लिंबाची. ज्या दिवशी वस्ताद स्वतःच्या तळहातावर लिंबू ठेवून शिष्याला म्हणतील 'काढ', त्या दिवशी तालीम त्या शिष्याची. वस्तादांनी त्यांच्या वस्तादांच्या तळहातावरचं काढलं होतं. पुढचा नंबर माझा, हे सगळे धरून चालले होते. मीही. केळीच्या खुंटावर लिंबू ठेवून मी वर्षानुवर्षं हात घोटून ठेवला होता. पण ते कधीतरी पुढे व्हायचं होतं, आणि घाई मला नव्हती. निदान तसं मी स्वतःला सांगायची.

त्या संध्याकाळी धैर्यशीलची खरडपट्टी काढून झाल्यावर वस्ताद माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला.

"उजा, माझंबी काढ की."

"तुमचं?"

"एवढी हयात गेली पट्टा फिरवण्यात. मी फिरवताना कसा दिसतो, मला कुठं ठावं हाय? लोकं म्हणत्यात झ्याक. लोकांचं काय, लोकं मयताच्या जेवणालाबी झ्याक म्हणत्यात." मग थोडं थांबून म्हणाले, "आनि अलीकडं हात जरा... माझा मला वाटतोय. बघावं म्हणतो."

"काढू की. एकट्यानं बघा दुकानात येऊन."

"एकट्यानं का? पोरांची चूक समद्यांम्होरं आनि माझी झाकून? समद्यांम्होरंच लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा स्टँडवर लावून चालू केला आणि तळहातावर लिंबू घेऊन उभी राहिले. वस्तादांनी पट्टा चढवला. नेहमीसारखाच वारा अंगावर आला, नेहमीसारखंच मी लिंबाकडे बघत राहिले, नेहमीसारख्याच दोन फोडी होऊन खाली पडल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही हसले. सगळं उत्तम झालं होतं.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. भाऊ एका साखरपुड्याला गेला होता. मी तो तुकडा लावला, हळू केला आणि बघता बघता खुर्ची पडद्याजवळ ओढली.

वस्तादांचं पातं लिंबावर येतच नव्हतं. ते लिंबाच्या पलीकडे येत होतं, माझ्या मनगटाकडे. कोपर जरा आधी उघडत होतं आणि वार चांगला दोन बोटं लांब पडत होता. मग लिंबू कापलं कसं गेलं? मी पुन्हा मागे घेतलं. आणखी हळू केलं. आणि मग मला माझा हात दिसला. पातं खाली यायच्या क्षणी माझा तळहात मागे सरकत होता, लिंबू घेऊन बरोबर त्या पात्याखाली जात होता. इतकं सफाईनं, की जणू तेही शिकवलेलं असावं.

मी शपथेवर सांगते, मला याचा पत्ता नव्हता. माझा हात कधी शिकला हे? महिनाभरात की वर्षभरात? वस्तादांचा वार जसजसा ढळत गेला, तसतसा माझा हात त्याला सांभाळून घेत गेला आणि त्यानं मलासुद्धा कळू दिलं नाही. तालमीतला सगळ्यात मोठा नियम मी रोज मोडत होते आणि टाळ्या घेत होते.

आता हे संध्याकाळी दाखवायचं. सगळ्या पोरांसमोर. काकी जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. घरी गेल्यावर बोलायला भिंती, आणि तालमीत आल्यावर तेवढा पट्टा. तो काढून घ्यायचा? बरं, काढून घेणार कोण, तर मी, जिच्याकडे तो यायचा आहे. पेठेत लोक काय म्हणतील, हे मला तोंडपाठ होतं. म्हातारा खाली बसावा म्हणून बाईनं कॅमेरा आणला. त्याहून वाईट हे, की वार चुकलेला बघितल्यावर मनाच्या एका कोपऱ्यात मला क्षणभर वाटून गेलं होतं, 'म्हणजे आता मी.' तेवढ्यासाठी माझी मलाच इतकी शरम वाटली, की पुढे मी जे केलं ते त्या शरमेपोटी केलं की मायेपोटी, हे मला अजून सांगता येत नाही.

आदल्या वर्षी भावानं नवा कॅमेरा घेतला, तेव्हा हात बसावा म्हणून त्यानं आमच्या सरावाचं शूटिंग केलं होतं. तीच तालीम, तेच पांढरे कपडे, मी आणि लिंबू. त्यात वार सरळ होता, कोपर मिटलेलं होतं, माझा हात दगडासारखा स्थिर होता. मी तो तुकडा काढला, आजच्या जागी ठेवला आणि संध्याकाळी तालमीत जाऊन वायर जोडली.

वस्ताद खुर्चीत ताठ बसले होते. वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलाची लेक, नात ऋतुजा, त्यांच्या मांडीला टेकून मातीत बसली होती. अकरा वर्षांची पोर, लाठीत मात्र मोठ्या पोरांना पाणी पाजायची.

वस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला पट्टा फिरवताना बघितलं. एकदा बघितलं. "हळू लाव," म्हणाले. मी हळू लावलं. "थांबव." मी थांबवलं. ते उठून टीव्हीजवळ गेले आणि खोबळ्याच्या तोंडाशी पडद्यावर बोट टेकवून बराच वेळ तसेच उभे राहिले.  मला वाटलं, स्वतःच्या हाताचं कौतुक करतायत.

"हे सकाळचंच न्हवं?"

"व्हय, वस्ताद."

"मग? चूक काय दिसतीया?"

"काही नाही."

"कायबी न्हाई?"

"न्हाई, वस्ताद."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि खुर्चीत परत येऊन बसले. पोरं टाळ्या वाजवत होती. वस्तादांनी ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कायबी चूक न्हाई म्हंतीया उजा. मग यंदा लिंबू ह्या पोरीच्या हातावर."

ऋतुजानं आनंदानं उडी मारली. मी टीव्हीची वायर काढत होते, ती माझ्या हातात तशीच राहिली.

खंडेनवमीला अजून अवकाश होता. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगते. उद्याचं परवा झालं. ऋतुजा रोज संध्याकाळी हातावर लिंबू धरून भिंतीशी उभी राहायची आणि मला विचारायची, "आत्या, बघ, हलतोय का?" हलत नव्हता. पोरीचा हात खरोखरच हलत नव्हता, आणि मला रात्री डोळा लागत नव्हता. माझा हात सरकत होता म्हणून मी वाचत होते. ही पोर नियम पाळणार होती.

त्या दिवसांत वस्ताद आमच्या दुकानात यायला लागले. पूर्वी कधी दुकानाची पायरी चढले नव्हते. यायचे, स्टुलावर बसायचे, भाऊ चहा मागवायचा. मी काम करत असायची.

"काय मग उजा?" ते म्हणायचे.

"काही नाही, वस्ताद."

"नवीन काय?"

"लग्नाचं चाललंय. इचलकरंजीच्या पार्टीचं."

"हं." चहा संपवायचे, कप खाली ठेवायचे, जरा थांबायचे आणि जायचे. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. जिभेच्या टोकावर आलेलं तोंडातच विरघळून जायचं. मला वाटायचं, घर खायला उठतं म्हणून येतायत बिचारे. एक दिवस तर मी ठरवलं, की आज बोलायचंच. ते आले, बसले, आणि म्हणाले, "तुझी काकी असती तर तिनं सांगितलं असतं, बरं का, की मी कसा दिसतो. ती तोंडावर बोलायची." मी हसून म्हटलं, "बोलायच्या खऱ्या." आणि पुन्हा कामाला लागले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. तालमीच्या अंगणात पट्टे, लाठ्या, भाले, ढाली मांडून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. अख्खी पेठ जमली होती. हलगी कडाडत होती. वस्तादांनी फेटा बांधला होता आणि खोबळ्यावर काकींच्या लुगड्याची हिरवी पट्टी नव्यानं आवळून बांधली होती. पोरांचे खेळ झाले. मग वस्ताद मधे आले आणि ऋतुजा त्यांच्यासमोर हात लांब करून उभी राहिली. तळहातावर पिवळंधमक लिंबू. तिनं श्वास रोखून धरला होता आणि चेहरा असा केला होता, की हसू यावं. मला हसू आलं नाही.

पट्टा फिरायला लागला. हलगीनं वेग घेतला. वस्ताद नेहमी थोडे फेरे घेऊन जवळ यायचे, त्या दिवशी मात्र ते फिरवतच राहिले. पुढे यायचे, मागे जायचे, पुन्हा पुढे. लोकांना वाटलं, नातीचा पहिला दिवस म्हणून रंगात आलेत. शिट्ट्या पडल्या. मला फक्त ते बारीक मनगट दिसत होतं आणि त्यावरची निळी शीर. माझ्या मनगटावर पातं जिथे येत होतं, बरोबर तिथे.

आणि मी धावले.

पट्ट्याच्या फेऱ्यात शिरायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी शिरले. ऋतुजाला खांद्यानं मागे ढकललं, तिच्या हातातलं लिंबू घेतलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि हात लांब केला. कुठेतरी बायका किंचाळल्या. हलगी एकदम थांबली. पातं माझ्यापासून हातभर अंतरावर थरथरत उभं राहिलं.

"हात माझा घ्या, वस्ताद," मी म्हटलं.

वस्ताद जवळ आले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. फक्त मलाच ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "का?"

मी हात मागे घेतला नाही.

"तिचा हात हलंल म्हणून?"

"न्हाई."

"मग?"

"तिचा हात हलणार न्हाई, म्हणून."

एवढंच मी बोलले, आणि माझे डोळे भरून आले. वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या लांब केलेल्या तळहाताकडे बघितलं. समजायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"बोललीस बाई एकदाची," ते हळूच म्हणाले. "त्या तुझ्या पिक्चरात खोबळ्यावर लाल फडकं हुतं, उजा. तुझ्या काकीचं लुगडं न्हवतं."

 मी पातं बघितलं होतं, कोपर बघितलं होतं, हात बघितला होता. फडक्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि त्यांनी सगळ्यात आधी तेच बघितलं होतं.

वस्तादांनी खोबळ्यातून हात काढला. काकींची पट्टी नीट केली आणि पट्टा माझ्या उजव्या हातात चढवला. माझ्या तळहातावरचं लिंबू उचलून स्वतःच्या तळहातावर ठेवलं आणि हात लांब केला.  ही रीत काय आहे, हे पेठेत म्हाताऱ्यांपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"वस्ताद, आज नको."

"आजच."

"माझ्यानं होणार नाही. मला नीट दिसत नाहीये."

"मग आधी डोळं पूस. माझा हात हितंच हाय."

मी डोळे पुसले. पट्टा फिरवला. पहिले फेरे कसे घेतले, मला आठवत नाही. हात आपोआप फिरत होता. पुढे गेले, तेव्हा त्यांचा तळहात तेवढा दिसला, अग्निशमन दलात भाजल्याचा जुना डाग असलेला. तो जराही हलला नाही. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही. लिंबाच्या दोन सारख्या फोडी मातीत पडल्या.

मग जो जल्लोष झाला तो विचारू नका. हलगी पुन्हा कडाडली, पोरांनी मला खांद्यावर घेतलं, बायकांनी ओवाळलं. लोकांना वाटलं, मी मधे धावले ते सगळं आधी ठरवलेलंच होतं. काय थाटात पट्टा दिला म्हाताऱ्यानं, असं जो तो म्हणत होता. वस्ताद फेटा सोडून हसत सगळ्यांशी बोलत होते आणि मी खांद्यावर बसून, चोरीच्या मालासारखा तो पट्टा उरी धरून, त्यांच्याकडे बघत होते.

दसरा झाल्यावर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डावा डोळा जवळजवळ गेला होता. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, हळूहळू उजेड खात जातो आणि दुसरा डोळा काम भागवत राहतो, म्हणून माणसाला कळतही नाही. एका डोळ्यानं लांब-जवळचा अंदाज चुकतो. म्हणून वार पुढे पडत होता. वस्ताद बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "थोडं आधी आणलं असतं तर? दसऱ्याच्या पंधरवडाभर आधी?"

"पंधरा दिवसांनी काही फरक पडला नसता हो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टरांनी मला मोकळं केलं. पण मी त्यांना डोळ्याचं विचारलं होतं. माझं दुखणं वेगळंच होतं, आणि ते विचारायला मी कुणाकडे जाणार होते?

परत येताना रिक्षात वस्ताद एकदम म्हणाले, "मारणार न्हवतो मी."

"काय?"

"पोरीच्या हातावर. मारणार न्हवतो. तू आली नसतीस तर फिरवत राहिलो असतो हात दुखूस्तोवर, आनि पट्टा खाली ठेवला असता. माझी चूक काय हाय ते मला ठावं न्हवतं. पण तू लपवलीस म्हंजे मोठी असणार, एवढं कळत हुतं." रिक्षा खड्ड्यातून गेली. ते बाहेर बघत राहिले. "तू येऊन सांगशील म्हणून रोज दुकानात येत हुतो. तुला बोलवंना."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"समद्या पोरांच्या चुका दाखवल्यास. धैर्याची दाखवलीस, ऋतीची दाखवलीस. त्यांना वाईट वाटत न्हवतं? मलाच तेवढी दाखवली न्हाईस. मी काय परका हुतो?"

 मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, एवढंच.

घराजवळ रिक्षा थांबायच्या आत ते म्हणाले, "दुकानात घे."

दुकानात भाऊ नव्हता. वस्ताद त्यांच्या त्या स्टुलावर बसले. "खरं ते लाव," म्हणाले. मी पुसून टाकलं नव्हतं. का ठेवलं होतं, कोण जाणे. मी लावलं आणि बाजूला झाले.

"तसं न्हाई. पोरांना दाखवतीस तसं दाखव. थांबवून. बोट ठेवून."

मी हळू केलं. पातं वरून आलं, कोपर उघडलं. मी थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. 

"इथे, वस्ताद. कोपर इथे उघडतंय. म्हणून वार पुढे पडतोय."

ते चांगल्या डोळ्यानं पडद्याकडे वाकून बघत राहिले. "व्हय की," ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. नवलच होतं जास्त. "चांगलं उघडतंय. धैर्यापेक्षा जास्त."

मग ते स्टुलावरून खाली उतरले. गुडघ्यावर हात टेकून वाकले, दुकानाच्या थंड फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "पुन्यांदा."

मी तोंडात पदर कोंबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. परत स्टुलावर बसून म्हणाले, "फुडं घे. हळू."

मी पुढे घेतलं. पातं खाली आलं. वस्तादांनी हात वर केला, मी थांबवलं. या वेळी त्यांनी स्वतः बोट पुढे केलं आणि माझ्या तळहातावर, मागे सरकत असलेल्या त्या तळहातावर ठेवलं.

"आनि हे कुणाचं?"

"माझं."

ते वाट बघत बसले, जसे इतके दिवस बसले होते.

मी वाकले. फरशीला हात लावला आणि कपाळाला लावला. 'पुन्यांदा' तोंडातून निघेना; त्यांनी माझी वाट बघत काढलेले दिवस पुन्हा पहिल्यापासून कुठून आणायचे? खूप वेळ मी तशीच वाकून राहिले, आणि तो शब्द आलाच नाही.